ऑर्किडसाठी मॉस कुठलं घेऊ? लवकर सांगा

मृण्मयी_के: फॅलेनोप्सिस कुंडीतून काढून ठेवलंय, मुळं उघडी आहेत. नर्सरीत दोन पाकिटं आहेत. एकावर 'स्फॅग्नम, चिली', दुसऱ्यावर नुसतं 'पीट मॉस'. दलदली खरवडून आणलेलं काही मला घरात नको. कोणतं घेऊ? कोकोपीट सुचवू नका.

रानवाटा: गाव कुठलं? कुंडी मातीची की प्लास्टिकची? मुळं कुजलीत की नुसती दाटलीत?

कोकणी_माळी: कोकोपीट नको ना, मग नारळाच्या सोडणाचे तुकडे घ्या. दोन-तीन पाण्यांत भिजवून खारटपणा काढायचा. आमच्या वेंगुर्ल्यात सोडणं परसात पडून असतात, आणि मॉस चिलीहून कशाला?

ऑफलीकर: पीट मॉस अजिबात घेऊ नका. स्फॅग्नम हा दलदलीतल्या मॉसचा वरचा जिवंत थर, तो नीट काढला तर पुन्हा वाढतो. पीट म्हणजे त्याखाली हजारो वर्षं साठलेलं. वर्षाला जेमतेम १ मिमी चढतं. ते काढायला आधी चर खणून दलदल सुकवतात, हवा लागली की साठलेला कार्बन उडून जातो. इथे आयर्लंडमध्ये 'बोर्ड ना मोना' या सरकारी पीट कंपनीने २०२१मध्ये पीट काढणं थांबवल्याचं जाहीर केलं. आता तेच चर बुजवून पाणी परत अडवताहेत.



रानवाटा: @ऑफलीकर, म्हणून चिलीचं डोळे मिटून घ्यायचं? तिथल्या चिलोए बेटावर बर्फाचे डोंगर नाहीत. पावसाचं पाणी हेच मॉस धरून ठेवतं. ते ओरबाडलं की उन्हाळ्यात टँकर.

ऑफलीकर: म्हणूनच तिथे २०१८पासून नियम आहेत. काढणीचा आराखडा मंजूर करून घ्यायचा, खाली जिवंत थर ठेवायचा. पीट काढायला तर २०२४च्या कायद्याने बंदीच आहे.

सह्यभटक्या: पाकीट हवंच कशाला? पावसाळ्यात ताम्हिणीत दगडांवर ढीगभर मॉस असतं. पिशवी भरून आणा.

रानवाटा: कृपया नको! ते स्फॅग्नम नव्हे. त्याच ओल्या गादीत कितीतरी रोपं रुजतात. आणि अभयारण्यातून काहीच उचलायचं नसतं.

मृण्मयी_के: ठाणे. पारदर्शक प्लास्टिकची कुंडी. दोन मुळं मऊ, बाकी टणक. कोकोपीट पाणी धरून बसतं, म्हणून नको म्हटलं. चिलीच्या पाकिटावर काढणीबद्दल अक्षर नाही, विचारलं तर "इंपोर्टेड आहे, चांगलंच असणार." मग राहू दे ते. @कोकणी_माळी, सोडणाचे तुकडे केवढे?

कोकणी_माळी: अंगठ्याच्या पेराएवढे. आधी ती मऊ मुळं कापून टाका.