शेवट हाही खेळण्याचाच भाग

बरेच जण व्हिडिओ गेम पूर्ण करतच नाहीत, मग शेवटावर एवढी मेहनत कशाला, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. जे पोचतात त्यांनी ३०-४० तास त्या पात्राच्या वतीने निर्णय घेतलेले असतात. त्यांचं देणं लागतं.

'मास इफेक्ट ३' (२०१२) वर लोक का चिडले ते बघा. २००७ च्या पहिल्या भागापासून कुणाला वाचवलं, कुणाला मरू दिलं, हे सेव्ह फाइलमधून (खेळाच्या साठवलेल्या नोंदीतून) पुढच्या भागांत येत होतं. आणि शेवटी तीन पर्याय, त्यांची दृश्यंही जवळपास सारखी, मुख्य फरक रंगाचा. गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीला त्याच वर्षी जूनमध्ये वाढवलेला शेवट मोफत द्यावा लागला. शेवट दुःखद होता याचा राग नव्हता, निदान माझा तरी नाही. आपल्या निर्णयांचा हिशेबच लागला नाही, हे खुपलं.

याउलट 'रेड डेड रिडेम्प्शन' (२०१०). (खेळला नसाल तर पुढे वाचू नका.) गेमचा नायक जॉन मार्स्टन घरी परततो आणि मग बराच वेळ नुसती गुरं हाकायची, मुलाला शिकारीला न्यायचं. मग सैन्य येतं. कोठाराचं दार उघडतं, समोर बंदुकांची रांग, 'डेड आय' (वेळ मंदावून नेम धरू देणारं जॉनचं कौशल्य) आपोआप सुरू होतो, आपण जमेल तितक्यांवर नेम धरतो, आणि ते पुरत नाही. गेमभर ज्या कौशल्याने तगवलं तेच तिथे अपुरं पडतं, तेही बटणावर आपलं बोट असताना. गुरं हाकण्याच्या त्या मिशन्स अनेकांना कंटाळवाण्या वाटतात, पण त्या काढल्या तर जॉनचं मरण इतकं लागणारच नाही.