कश्काई गालिच्याची पारख आणि निगा : सल्ला हवा आहे

प्रश्न :
सासऱ्यांनी इराणमध्ये शिराझला नोकरीस असताना घेतलेला हातगाठींचा गालिचा आता मुंबईत आमच्याकडे आला आहे. तो तिकडच्या कश्काई या भटक्या टोळीने विणलेला असल्याचे ते सांगत. येथील एका दुकानदाराने गाठी मोजून तो सामान्य प्रतीचा ठरवला, विकत घेण्याची व धुऊन देण्याचीही तयारी दाखवली. एका टोकाची झालर सुटते आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :
गाठींची मोजणी इस्फहान, नाईन अशा शहरी गालिच्यांसाठी ठीक आहे. पण फार्स प्रांतात जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर, बहुतेक आठवणीतून नक्षी विणणाऱ्या कश्काई स्त्रियांच्या कामाला तेच माप लावणे मला अन्यायाचे वाटते. तेथे लोकर आणि रंग पाहावेत. गालिचा उलटा करा. शहरी गालिच्यांचा ताणा, म्हणजे ज्यांवर गाठी मारतात ते उभे धागे, बहुधा सुती असतो, टोळ्यांच्या जुन्या विणीत तो लोकरीचा आढळतो. झालर ही त्याच ताण्याची टोके असायला हवीत. मग लव बोटांनी फाकवून मुळाशी पाहा : वर विटलेला आणि मुळाशी भडक असा रंग दिसला, तर तो बहुधा सुरुवातीच्या कृत्रिम रंगांपैकी असतो. मात्र एकाच निळ्यात मध्येच गडद-फिकट आडवा पट्टा दिसला, तर तो दोष समजू नका. रंगवलेल्या लोकरीची एक खेप संपून दुसरी लागली की असा फरक पडतो. त्याला अब्राश म्हणतात आणि मला तर त्यातच या गालिच्यांचा जिवंतपणा दिसतो. धुण्यापूर्वी ओले पांढरे फडके प्रत्येक रंगावर दाबून पाहा.

प्रश्नकर्ती :
ताणा लोकरीचा आहे, पांढरा आणि तपकिरी धागा एकत्र पिळलेला. फडक्यावर नारिंगी रंग उतरला. शिवाय कपाटाखाली राहिलेल्या भागात लव कुरतडलेली आहे.

दुसरा प्रतिसाद :
ही कसर आहे. तिच्या अळ्या अंधारात, हलवाहलव नसलेल्या जागी लोकर खातात. म्हणून दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम फिरवा, फिरता ब्रश न लावता आणि झालर टाळून. रंग उतरत असल्याने पाण्याने धुणे तूर्त नकोच. पावसाळ्यात ठेवायचा झाल्यास घडी न घालता गुंडाळा, वर सुती कापड लावा, प्लास्टिक नको, कारण आत ओल कोंडते. सर्वांत आधी सुटणारे टोक कारागिराकडून टाके घालून बांधून घ्या, कारण गाठींच्या ओळी एकदा गळू लागल्या की नक्षीच संपत जाते. आणि किंमत अशा माणसाकडून लेखी ठरवून घ्या, ज्याला तो गालिचा विकत घ्यायचा नाही.