ओएई 'रेफर' आली, पुढची तपासणी कुठे करावी?

सोयाबीनवाला_वणी
नमस्कार. पुतणी दोन महिन्यांची आहे. कमी वजनाची जन्मली, कावीळ फार वाढली म्हणून एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) ठेवली होती. सुटीच्या वेळी कानाची ओएई (ऐकू येतं का ते बघायची चाचणी) केली. उजवा 'पास', डावा 'रेफर'. पुन्हा दाखवायला सांगितलंय, पण घरी सोंगणी चालू आहे, दिवस मोडायला कोणी तयार नाही. आई म्हणते, ताट वाजवलं की पोर दचकते, मग कशाला हिंडायचं? खरंच जावं लागेल का? कुठे?

आशाताई_आर्वी
भाऊ, जाच. एक कान चांगला असला तरी लेकरू दचकतं. आणि ताटाचा दणका कमी ऐकणाऱ्यालाही ऐकू येतो, बोलण्यातले बारीक आवाज मात्र निसटतात.

'रेफर' म्हणजे पुढे तपासा एवढंच, बहिरी नव्हे, घाबरू नका. कानात चिकटा राहिला किंवा बाळ रडत असलं तरी तसं येतं.

ऑडिओलॉजिस्ट_वर्धा
ताईंचं बरोबर आहे. ओएईत कानात टकटक आवाज सोडतात. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्या शंखातल्या केसपेशी त्यावर हलतात आणि स्वतः अगदी क्षीण आवाज परत पाठवतात, तो नळीतला माइक टिपतो. म्हणजे तपासणी शंखापर्यंतच होते. कावीळ फार वाढली की कधी कधी शंख ठीक राहतो आणि त्यापुढची नस बिघडते; तेव्हा ओएई 'पास' येते. म्हणून उजव्या कानावरही विसंबू नका, दोन्ही कानांची बेरा कराच. डोक्याला तारा चिकटवून नसेचा प्रतिसाद बघतात, दुखत नाही.

पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी (ओएईसारखी), तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र, असा जगभरचा दंडक आहे. तुमच्या हातात एकच महिना आहे, सोंगणी संपायची वाट पाहू नका.

वणीहून यवतमाळ आणि चंद्रपूर, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी. निघण्याआधी कान-नाक-घसा विभागात फोन करून बेराचा वार विचारा. अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या (मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली तर सरकारी ठिकाणी मोफत होतं. डिस्चार्ज कार्ड न्या. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) किती होतं आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिन दिलं होतं का, हे त्यावरूनच कळेल. ही इंजेक्शनंही कानाला बाधू शकतात.

चिमूरची_माय
दादा, एवढ्या लहानपणी बेरा नुसत्या झोपेत होते, मोठं झाल्यावर गुंगीचं औषध द्यावं लागतं. वहिनींना सांगा, बाळाला एसटीत झोपू देऊ नका आणि नंबर जवळ आला की मगच दूध पाजा. आमच्या पोराची अशीच झाली.