स्वस्तातला एव्ही रिसीव्हर: वॅट बघून घ्यायचा का?

मंद्रसप्तक:
घरी ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, बसवायचं म्हटलं की या सगळ्यांना आवाज पुरवणाऱ्या एव्ही रिसीव्हरबद्दल पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा घेऊ?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. रिसीव्हर नवाच घ्या, पण खालच्या फळीतला साधा ५.१ घ्या आणि वाचलेले पैसे पुढच्या तीन स्पीकरांत आणि सबवूफरमध्ये घाला.

खोक्यावरच्या ठळक आकड्याखाली बारीक अक्षरं असतात, ती वाचा. "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन" असं लिहिलं असेल (डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाची विकृती) तर त्या आकड्यावर विसंबू नका. ८ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत अडथळा, तो जितका कमी तितका यंत्रावर भार जास्त), २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू असताना किती, ती ओळ शोधा. मोठ्या आकड्याचं यंत्र तिथे बरंच खाली येतं. शिवाय ८० वॅटचे १६० केले तरी पदरात पडतात ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट!

तांब्याची तार:
आकड्यांबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल अजिबात नाही. दोन चॅनलचा आकडा खरा धरला तरी पाच चॅनल एकदम वाजले की स्वस्त यंत्राचा पॉवर सप्लाय दमतो. संवाद चालू असताना एखादा वॅट पुरतो, कबूल. पण स्फोटाचा क्षण सरासरीच्या २० डेसिबल वर जातो, म्हणजे त्या क्षणाला शंभरपट ताकद हवी. तिथे आवाज चिरका होतो आणि लोक दोष स्पीकरला देतात.

त्यापेक्षा सात-आठ वर्षं वापरलेला, पण त्या काळचा वरच्या फळीतला रिसीव्हर घ्या. दोन्ही हातांनी उचलून बघा, ट्रान्सफॉर्मरचं वजन कळतं. प्री-आउट (अँप्लिफायरच्या आधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या खाचा) मिळतात, म्हणजे पुढे वेगळा अँप्लिफायर जोडता येतो. ४ ओहमच्या स्पीकरांना घाबरायचं कारण उरत नाही.

मंद्रसप्तक:
शंभरपटीचं गणित बरोबर आहे, पण त्यातला सबवूफर तुम्ही विसरलात. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवला की सगळ्यात जास्त ताकद खाणारा खर्ज सबवूफरकडे जातो आणि त्याचा अँप्लिफायर त्याच्या पोटातच असतो. रिसीव्हरच्या खांद्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरतं. मध्यम खोलीत, तीन मीटरवर बसून ऐकणाऱ्याला साधं यंत्र पुरतं.

रविवारचा प्रेक्षक:
वापरलेल्या यंत्राचा अनुभव मी घेतलाय, म्हणून कळकळीने लिहितोय. रिसीव्हर दणकट होता, आवाज सुंदर होता. आठव्या महिन्यात एचडीएमआय बोर्ड गेला. आधी चित्र मध्येच काळं व्हायचं, मग कायमचंच गेलं. सुटा बोर्ड मिळेना. कॅलिब्रेशनचा (खोलीतला आवाज मोजून यंत्र जुळवून घेण्याचा) माइकही मूळ मालकाने हरवलेला, आणि दुसऱ्या मॉडेलचा माइक लावला तर मोजमाप चुकतं. ज्यांना जोखीम परवडत नाही त्यांनी वॉरंटीवालाच घ्यावा.

तांब्याची तार:
वाईट झालं खरं. पण प्लेअर थेट टीव्हीला जोडून टीव्हीतून आवाज ऑप्टिकल केबलने आणला तर जुन्याचं एचडीएमआय लागतच नाही. डॉल्बी डिजिटल ५.१ त्यातून व्यवस्थित येतो.

मोजपट्टी:
येतो, पण डॉल्बी ट्रूएचडी (काहीही न गाळलेला आवाज) ऑप्टिकलमधून येत नाही, साध्या एआरसीतूनही (एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणण्याची सोय) नाही. त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागतं, ते एचडीएमआय २.१ बरोबर आलं. स्ट्रीमिंगवरचा (डोक्यावरूनही आवाज आणणारा) अ‍ॅटमॉस बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतो, तो एआरसीतून जातो. मात्र रिसीव्हरला अ‍ॅटमॉस उलगडता यायला हवा, आणि तो घरगुती यंत्रांत आला २०१४ मध्ये. त्याआधीचं वरच्या फळीतलं यंत्र घेतलंत तर हे सोडून द्यावं लागेल. डीटीएसचं (डॉल्बीसारखाच आवाजाचा दुसरा प्रकार) आणखी वेगळं: अनेक टीव्ही ते पुढे जाऊच देत नाहीत.

तुम्ही दोघं वॅटवर भांडताय, पण मी कॅलिब्रेशन बघून घेईन. खोली आवाज जितका बिघडवते तितका कुठलाही धड अँप्लिफायर बिघडवत नाही. माइक सोफ्याच्या पाठीला टेकवून ठेवला तर मोजणी फसते. स्टँडवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीला ठेवा. पंखा बंद करा. मोजणी झाली की सेटिंग उघडून बघा: माझ्याकडे पुढचे स्पीकर "लार्ज" (खर्जही स्वतःच वाजवणारे) धरले होते, ते "स्मॉल" करून क्रॉसओव्हर ८० ला आणला. सबवूफर तीन मीटरवर असताना अंतर साडेपाच मीटर दाखवत होतं. ते मात्र बदललं नाही, कारण सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर यंत्र अंतर म्हणून मोजतं. एवढं केल्यावर मधल्या स्पीकरमधले संवाद असे सुटे झाले की आईने सबटायटल बंद करायला सांगितलं.

मंद्रसप्तक:
हे पटलं. मग माझ्या मतात एक दुरुस्ती: सगळ्यात खालचं मॉडेल नको. काहींत एकाच जागी मोजणी होते आणि सबवूफरला हातही लावला जात नाही. एक पायरी वर चढून अनेक जागी मोजणारं घ्या. त्यापुढचा पैसा स्पीकरलाच.

तांब्याची तार:
एक पायरी वर चढलात, बरं वाटलं. मी मात्र जुन्यावर ठाम आहे, फक्त २०१४ नंतरचा आणि माइकसकट. घेताना अर्धा तास मोठ्याने वाजवून बघायचा, प्रत्येक एचडीएमआय इनपुट तपासायचा, व्हॉल्यूमची कळ फिरवताना खरखर येते का ऐकायचं. विकणारा एवढा वेळ देत नसेल तर तिथून निघायचं.