मदत हवी आहे: केर्ली परिसरातील शेतात सापडलेली कंपनीकाळातील नाणी, बटण आणि शिशाच्या गोळ्या यांची ओळख व कालनिश्चिती

नमस्कार.

कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, केर्लीच्या अलीकडे आमचे वडिलोपार्जित शेत आहे. खोडवा निघून नांगरट झाल्यावर तेथे मेटल डिटेक्टर फिरवला असता खालील वस्तू मिळाल्या. गट क्रमांक मुद्दाम देत नाही, कारण जागा उघड झाली की रात्री खणणारे लोक येतात. सर्व वस्तू नांगराने उलथलेल्या वीतभर मातीतच होत्या. त्यामुळे मातीच्या थरांवरून काळ ठरवण्याची सोय नाही; जे कळेल ते वस्तूंवरूनच कळेल.

नाण्यांपैकी एक दुदांडी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचा एक प्रकार आहे. दुसरे १८३५ चे पाव आण्याचे तांब्याचे नाणे असून त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे सिंहांनी धरलेले मानचिन्ह स्पष्ट दिसते; व्यास सुमारे २५ मिलिमीटर आणि झिजेनंतरचे वजन ६.२ ग्रॅम भरते. तिसऱ्यावर तराजू असून पारड्यांच्या मधोमध फारसी लिपीतील ‘अदल’ (न्याय) हा शब्द ओळखू येतो, पण सन पूर्ण झिजला आहे. तराजूची नाणी मुंबई इलाख्यासाठी १७९१ पासून १८३३ पर्यंत वेगवेगळ्या रूपांत पाडली गेली. जुन्या प्रकारात तराजूच्या उलट बाजूस कंपनीची हृदयाकृती व्यापारी खूण येते, १८०४ च्या आणि १८३० नंतरच्या नाण्यांवर मानचिन्ह येते. माझ्या नाण्यावर मानचिन्हाच्या ढालीचा काठ दिसल्यासारखे वाटते. म्हणून १८०४ चे की १८३० ते १८३३ मधले, हा प्रश्न उरतो. चौथे नाणे व्हिक्टोरियाचे आहे आणि त्यावर ‘क्वीन’ नसून ‘एम्प्रेस’ आहे, म्हणजे ते १८७७ च्या आधीचे असू शकत नाही.

शिशाच्या तीन गोळ्या मिळाल्या. दोन जवळजवळ सारख्या आहेत: व्यास १७.३ मिलिमीटरच्या आसपास, वजन सुमारे ३१ ग्रॅम, आणि साच्याची शिवण हाताला लागते. कंपनीच्या फौजेतील ‘ब्राऊन बेस’ या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीची नळी ०.७५ इंचाची असे आणि तिच्यात सुमारे ०.६९ इंचाची, म्हणजे साडेसतरा मिलिमीटरची गोळी वापरत, तेव्हा हे माप बरोबर जुळते. मात्र पुढे आलेल्या १८४२ च्या टोपीच्या (स्फोटक टोपीवर हातोडी पडून उडणाऱ्या) बंदुकीची नळीही तेवढ्याच मापाची होती, म्हणून केवळ मापावरून चकमक की टोपी हे ठरत नाही. तिसरी गोळी लहान, १६ ग्रॅमची, एका बाजूने चपटी झालेली आहे. ती झाडलेली असावी आणि स्थानिक तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुकीचीही असू शकेल. एनफिल्ड रायफलची लांबट गोळी एकही मिळाली नाही, पण एवढ्या थोड्या वस्तूंमध्ये तिच्या अभावाला फार महत्त्व द्यावे असे मला वाटत नाही.

बटणाचीच खरी अडचण आहे. ते पितळी, सपाट, एकाच पत्र्याचे असून मागे तारेची कडी डाखलेली आहे. मागील बाजूस कडेने ‘लंडन’ एवढेच वाचता येते. पुढील बाजूवर गोलाकार पट्टा आणि आत आकड्यासारखे काही आहे, पण क्षरणामुळे तो ७ आहे की १ हे मी सांगू शकत नाही. राणीच्या पायदळात साध्या शिपायांची बटणे १८५५ पर्यंत कथलाच्या मिश्रधातूची असत आणि नंतर पितळी झाली, हे मी वाचले आहे. हाच दंडक कंपनीच्या मुंबई इलाख्यातील देशी पलटणींनाही लागू होता का? असल्यास पितळी बटण एक तर अधिकाऱ्याचे किंवा उशिराचे ठरेल, आणि सगळा हिशेबच बदलेल.

गावात सर्वांचे मत एकच आहे की येथे इंग्रजांची छावणी होती. १८४४ च्या गडकऱ्यांच्या (किल्ल्यांवरील वंशपरंपरागत शिबंदीच्या) उठावात कंपनीच्या फौजेने १ डिसेंबरला पन्हाळा घेतला, तेव्हा या वाटेने फौज गेली असणे अगदी शक्य आहे. त्याशिवाय ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातच २७ व्या देशी पलटणीने बंड केले होते, आणि बटणावरचा आकडा ७ असण्याची शक्यता म्हटली की माझेही मन तिकडे ओढ घेते. तरीही घाई करू नये असे वाटते. हीच वाट जोतिबाच्या डोंगराकडे जाते. चैत्र यात्रेला सासनकाठ्या घेऊन पायी जाणारे लोक पिढ्यान् पिढ्या येथे विसावले आहेत, आणि शिवराईपासून व्हिक्टोरियापर्यंतची नाणी त्यांच्या कनवटीतून पडणे छावणीपेक्षा अधिक स्वाभाविक आहे. नाण्यावरील सन हा ते जमिनीत जाण्याची फक्त सर्वांत आधीची मर्यादा सांगतो, शिवाय १८३५ चे नाणे पुढे कितीतरी वर्षे हातोहात फिरत राहिले असेल. माझ्या मते फौजेचा संबंध लागायचा असेल तर तो गोळ्या आणि बटण यांवरूनच लागेल, नाण्यांवरून नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. गडावर किंवा कोणत्याही संरक्षित स्मारकाच्या परिसरात मी यंत्र नेलेले नाही आणि कोणी नेऊ नये असे मनापासून सांगतो. पन्हाळ्यासारख्या ठिकाणी एक खड्डा पडला की तेथील पुरावा कायमचा जातो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची जमिनीत दडलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तो अर्ज तयार केला आहे आणि तोपर्यंत शोध थांबवला आहे. वस्तूंना चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावलेली नाही. शिशाच्या गोळ्या लाकडी डबीतून काढून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवल्या आहेत, कारण लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून झिजते.

जाणकारांना विनंती अशी की, तराजूच्या नाण्याचे दोन प्रकार झिजलेल्या अवस्थेत कशावरून वेगळे ओळखावेत, बटणावरचा आकडा न घासता वाचण्याचा काही सुरक्षित मार्ग आहे का, आणि टाऊन हॉल संग्रहालयात किंवा शिवाजी विद्यापीठात अशा वस्तू दाखवण्याची रीत काय आहे, हे कृपया सांगावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टीसह, सकाळच्या तिरप्या उन्हात काढून उद्या येथेच देतो. बटणासाठी प्रकाश कोणत्या बाजूने हवा ते आधी सांगितल्यास तशीच काढीन.