नागाळा पार्कातला जुना बंगला: तपासणीत दोष निघाले, किंमत किती उतरवायची?

नवखरेदीदार:
कोल्हापुरात नागाळा पार्कातला १९९३ सालचा दुमजली आरसीसी बंगला ६५ लाखांना ठरलाय. विसार १ लाख दिला, साठेखत बाकी आहे, ४५ लाखांचं कर्ज काढणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या तपासणीत निघालं ते असं: वरच्या बाथरूमखाली स्लॅबची सळई उघडी, गच्ची गळते, मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग, तळमजल्याच्या भिंतींना ओल. ठेकेदाराचं एस्टिमेट ४ लाख ६० हजार, त्यात फरशी-रंगाचे ९० हजार. मालक म्हणतात, "तीस वर्षांचं घर आहे, एवढं चालायचंच." ८ लाख कमी मागू का?

काँक्रीटवाला:
आठ कुठनं आले, हा मालकांचा पहिला प्रश्न असेल आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नाही. फरशी-रंग आधी बाजूला काढा, ते बघूनच ६५ ठरले होते. उरले ३ लाख ७०. जुन्या स्लॅबला ठोकायला घेतलं की पोकळ भाग वाढतोच, म्हणून १५ टक्के धरा: सव्वाचार लाख. दुसऱ्या ठेकेदाराकडूनही बाबवार एस्टिमेट घ्या आणि दोन्ही कागद मालकांसमोर ठेवा.

एस्टिमेटमध्ये कामाचा क्रम बघा. आधी वरची गळती थांबली पाहिजे, म्हणजे नहाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा) सांधा आणि संकन स्लॅबचं (बाथरूमखाली खोल घेतलेल्या स्लॅबचं) वॉटरप्रूफिंग. मग खाली टेकू, पोकळ काँक्रीट काढणं, सळईच्या मागनंही १५-२० मिमी मोकळं करणं, वायर ब्रश, गंजरोधक लेप, पॉलिमर मॉर्टर थराथराने. नुसतं "प्लास्टर करून देणे" लिहिलं असेल तर ते दोन पावसाळ्यांत पडतं, कारण गंज फुगतो आणि वरचा थर ढकलून देतो. सळईचा व्यास मोजून घ्या. १० मिमीची सळई ९ भरली तरी छेद १९ टक्क्यांनी घटलेला असतो.

"मीच दुरुस्त करून देतो" म्हणाले तर नको म्हणा. विकणारा माणूस झाकण्यापुरतंच करतो.

आणि एक चाचणी राहिलीय: कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा सळईला गंजापासून वाचवणारा अल्कलीपणा किती खोल गेलाय ते बघणं. खांबाचं थोडं काँक्रीट फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं रसायन) मारायचं. गुलाबी झालं तर ठीक. रंगच आला नाही आणि तो थर सळईपर्यंत पोचला असेल, तर गंज बाकीच्या खांबांतही सुरू होणार. मग सव्वाचार लाखांचा हिशेब विसरा. फक्त रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणारं यंत्र) जाऊ नका, जुन्या काँक्रीटचा वरचा थर कडक होतो आणि आकडा चांगला दाखवतो. जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी घ्या, त्यात काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग मोजतात; वेग सेकंदाला ३ किमीच्या खाली आला तर शंका धरायची.

पंचगंगाकाठ:
ओल पावसाची की पुराची? गच्चीची ओल वरून खाली येते, जमिनीची ओल फूट-दीड फूट चढून वेडीवाकडी थांबते. सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर आडवी खूण असेल तर ते पुराचं पाणी. रंगाखाली दिसत नसेल तर मीटर बोर्ड आणि प्लग किती वर नेलेत ते बघा. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं हे शेजाऱ्यांना विचारा, एजंटला नको. महापालिकेत निळी आणि लाल पूररेषा (लहान आणि मोठ्या पुराच्या पाण्याची आखलेली हद्द) कुठून जाते तेही पाहून घ्या. पूर दुरुस्त होत नाही, त्यामुळे तो एस्टिमेटमध्ये बसत नाही. त्याचा भाव वेगळा बोलायचा, नाहीतर सोडून द्यायचं.

नवखरेदीदार:
मीटर नवीन आणि बराच वर आहे. भेगेचं काय करू?

काँक्रीटवाला:
खांब आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची उभी भेग असती तर बोललोच नसतो. तिरकी आहे, म्हणजे पाया खचल्याची शक्यता. भेगेवर दोन-तीन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी मारून तारीख घाला. महिनाभरात तडकली तर भेग हलतेय. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे महिन्यात न तडकणं म्हणजे पूर्ण निर्धास्ती नव्हे. पायाशी एक खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते बघणं उत्तम.

दस्तनोंद:
कागदाकडे या. मागची खोली मंजूर नकाशात आहे का? खिडकीची भेग तिथेच आहे म्हणून विचारतोय. नंतर वाढवलेल्या खोलीचा पाया वेगळा असतो, जुन्या-नव्याच्या जोडावर तडे जातात. बँकेचा व्हॅल्युअर अनधिकृत बांधकाम सहसा धरत नाही, त्यामुळे कर्जही कमी बसू शकतं. हा मुद्दा स्लॅबपेक्षा भारी पडेल.

कमी झालेली किंमत साठेखतातच लिहा. "कागदावर ६५, चार रोख परत" अजिबात नको, बँकेची फसवणूक होते. रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्यांकन घसारा, म्हणजे घराच्या वयाची घट, धरून काढून घ्या. ठरलेली किंमत त्याखाली गेली तरी मुद्रांक शुल्क त्या मूल्यांकनावरच लागतं, आणि फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर तो तुमच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा वर असल्याने १ टक्का टीडीएस (मालकांच्या नावाचा आयकर) त्यांच्या पैशातून कापून तुम्हीच भरायचा आहे.

कोर्टाची भीती घालू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दडलेला दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे, पण उघडी सळई सगळ्यांना दिसते. त्याऐवजी साठेखतात अट घाला: भेगेचा अहवाल आणि मंजूर नकाशा येईपर्यंत पुढचा हप्ता नाही, अहवाल वाईट आला तर विसार परत. एवढ्यालाही मालक तयार नसतील तर त्यांना भेगेबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असावी.