सकाळी सेल्फ नुसता कटकटतो, बॅटरी नवी आहे, नेमकं काय तपासू?

मिऱ्याकाठ

गाडी २०१३ची, १.३ लिटर डिझेल हॅचबॅक. मुक्काम रत्नागिरी, मिऱ्याच्या बाजूला. घराच्या अंगणातून समुद्र दिसतो आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली, पण तिन्ही बाजूंनी उघडी.

सकाळी चावी फिरवली की कट-कट-कट आवाज, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, सेल्फ फिरला तरी आळसावल्यासारखा. दोन-तीन प्रयत्नांत लागते कधी, कधी धक्का द्यावा लागतो. दुपारी तीच गाडी एका झटक्यात सुरू. पावसाळ्यात त्रास जास्त. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या, आत्ताची सात महिन्यांची आहे. स्कॅनर लावला तर पी ०५६२ आणि यू ०१०० असे दोन कोड आले. त्यावरून एका ठिकाणी ‘इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उघडून बघावा लागेल’ असं सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी ‘सेल्फ बदला’. दोन्ही खर्च मोठे आहेत. मल्टीमीटर आहे, वापरता येतो. हात लावण्याआधी काय मोजू?

दहाचा_पाना

इसीएमला हात लावू नका, कुणाला लावूही देऊ नका. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी आणि यू ०१०० म्हणजे इसीएमशी संपर्क तुटला. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की इसीएम क्षणभर बंद पडतो, बाकीची मॉड्यूल त्याला हाक मारतात, उत्तर येत नाही, कोड नोंदला जातो. हे दोन्ही कोड आजाराचे नाहीत, तापाचे आहेत. पुसून टाका.

आता मोजमाप. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, बॉनेट उघडून पहिल्यांदा बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर आकडा घ्या. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ ठीक, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, १२च्या खाली असेल तर आधी चार्ज करून मगच पुढचं. रिकाम्या बॅटरीवर घेतलेले बाकीचे आकडे फसवे येतात.

दुसरं, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हा तेच माप घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मीटरच्या वायरी पट्टा आणि पंख्यापासून लांब. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ नको, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

इथे दोन फाटे फुटतात. सेल्फ मारताना बॅटरीवरच ९.६च्या खाली गेलं तर बॅटरी दमली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. पण बॅटरीवर साडेदहा टिकतंय आणि तरी सेल्फ मंद, तर व्होल्ट वाटेत हरवतायत. केबल, लग (केबलच्या टोकाचा भोकाचा धातूचा तुकडा), नाहीतर अर्थ, म्हणजे करंट इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत यायची वाट. समुद्राकाठच्या गाडीत माझा पहिला संशय अर्थवर.

सिंधुदुर्ग_डिझेल

बॅटरी विकत घेव नको रे, आधी अर्थ बघ. 🙂

पानाभाऊंनी सांगितलेल्यात पुढची पायरी जोडतो, कारण खरा उलगडा तिथेच होतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. क्लॅम्पवर (खुंटाला आवळलेल्या केबलच्या पकडीवर) नाही, शिशावर. लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. सेल्फ मारा. ०.२ पर्यंत उत्तम, ०.५च्या वर गेलं तर अर्थ खराब, वाद नाही.

मग पॉझिटिव्ह बाजू. लाल पिन पॉझिटिव्ह खुंटावर, काळी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. इथे ०.५ पर्यंत चालतं. ही पिन लावताना जपून, त्या बोल्टला बॅटरीची केबल थेट आलेली असते, पाना किंवा पिन बॉडीला टेकली तर ठिणगी.

आणि मीटरचा कंटिन्युइटीचा (वायर जोडलेली आहे एवढंच सांगणारा) बीप वाजला म्हणून अर्थ चांगला समजू नका. यातच बहुतेक जण फसतात. हिशोब बघा. या मापाच्या डिझेलचा सेल्फ फिरताना साधारण १८० अँपिअर घेतो असं धरा. वाटेत फक्त ०.००५ ओहमचा अडथळा असला तरी १८० × ०.००५ = ०.९ व्होल्ट गेले. साधा मीटर ०.१ ओहमपर्यंतच दाखवतो, त्याला ०.००५ दिसणारच नाही. पार्किंग लाइट दोन-चार अँपिअर घेतात, त्यांना हा अडथळा जाणवतही नाही. म्हणून ‘लाइट तर झकास पेटतात’ हा पुरावा होत नाही. अर्थ मोजायचा तो करंट धावत असताना.

मिऱ्याकाठ

आज सकाळी साडेसहाला मोजलं. रात्रभर उभी असताना १२.५५. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.६. निगेटिव्ह खुंट ते ब्लॉक १.४. पॉझिटिव्ह बाजूला ०.३.

म्हणजे अर्थच ना? पण कुठला? खाली वाकून बघितलं तर बॅटरीकडून बॉडीला एक काळी केबल आहे, आणि गिअरबॉक्सपाशी एक विणलेली चपटी पट्टी, हिरवट-काळी झालेली, पण तुटलेली नाही.

सिंधुदुर्ग_डिझेल

१०.६ मधून १.४ आणि ०.३ वजा करा. सेल्फला ८.९ मिळतायत. डिझेलला स्पार्क नसतो, दाबाच्या उष्णतेवर पेट घ्यायचा असतो. सेल्फ मंद फिरला की तेवढी उष्णताच होत नाही. सकाळी ऑइल घट्ट असतं, सेल्फ जास्त करंट मागतो, जास्त करंट म्हणजे त्याच अडथळ्यात जास्त व्होल्ट गेले. दुपारी ऑइल पातळ, इंजिनच्या उष्णतेने जोडही सुकलेला, म्हणून एका झटक्यात.

आता १.४चे तुकडे करा. खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडीचा बोल्ट, बॉडी ते ब्लॉक. तीन वेळा सेल्फ. तिघांची बेरीज १.४च्या आसपास आली पाहिजे, नाहीतर कुठेतरी पिन रंगावर टेकली.

जुना_वायरमन

मला एक शंका नोंदवायची आहे. बारा-तेरा वर्षांच्या गाडीत सेल्फचे कार्बन ब्रश घासलेले, बुश ढिले, सोलेनॉइडचा (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा) तांब्याचा संपर्क खड्डे पडलेला, हे हमखास असतं. आणि कटकट आवाज सोलेनॉइडचाच आहे. सेल्फ उतरवून बघायला काय हरकत? ब्रशचा संच स्वस्त मिळतो.

दहाचा_पाना

काका, हरकत काही नाही, पण क्रम उलटा नको. ब्रश घासले तर सेल्फ *कमी* करंट घेतो आणि वाटेतला ड्रॉपही (हरवलेले व्होल्ट) कमी दिसतो. बुश ढिले होऊन आर्मेचर (सेल्फचा आत फिरणारा भाग) घासत असेल तर जास्त करंट, आणि मग बॅटरीवरच व्होल्टेज कोसळलं असतं. इथे बॅटरी १०.६वर ठाम उभी आहे आणि १.४ डोळ्यांसमोर अर्थमध्ये चाललेत. कटकट याच कारणाने होते: सोलेनॉइड आत खेचला जातो, सेल्फ करंट ओढतो, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, पुन्हा खेचतो.

खात्रीसाठी पाच मिनिटांची चाचणी: जंप केबलच्या काळ्या वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या लिफ्टिंग हुकला किंवा ब्लॉकवरच्या जाड बोल्टला. चावी फिरवा. सेल्फ सणसणीत फिरला तर सेल्फ उतरवायची गरज नाही. नाही फिरला तर काकांचं खरं, उतरवा.

मिऱ्याकाठ

खुंट ते क्लॅम्प ०.०५, क्लॅम्प ते बॉडी ०.१५, बॉडी ते ब्लॉक १.२.

जंप केबल लावली आणि सकाळी सात वाजता पहिल्या फटक्यात सुरू! मग ती विणलेली पट्टी तशीच नवी आणून लावू का? आणि बॅटऱ्या लवकर जाण्याचा याच्याशी संबंध आहे का?

सिंधुदुर्ग_डिझेल

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. संबंध आहे. अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) चार्जिंग करंटही बॉडी आणि ब्लॉक जोडणाऱ्या त्याच पट्टीतून परततो. १.२ व्होल्ट भागिले १८० अँपिअर, म्हणजे साधारण ०.००६७ ओहम. ४० अँपिअर चार्जिंगला पाव व्होल्टच्या वर कमी पोचतं. बाजारात जाऊन येण्याएवढ्या छोट्या फेऱ्यांमध्ये बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं. शिवाय रोज सकाळी चार-पाच वेळा सेल्फ. बॅटऱ्यांचा तसा दोष नसावा.

आणखी एक तपासा. पट्टी खराब असताना करंट दुसऱ्या वाटा शोधतो: गिअरच्या केबल, क्लच केबल. सेल्फ मारल्यावर अशी एखादी केबल गरम लागत असेल तर आतली नायलॉनची नळी वितळलेली असू शकते. गिअर जड पडतोय का बघा.

दहाचा_पाना

पट्टीबद्दल माझं मत ठाम आहे: किनाऱ्यावर उघडी विणलेली पट्टी लावू नका. कारखान्यातून येते ती लवचीक असते म्हणून, पण शेकडो बारीक तारा उघड्या म्हणजे खाऱ्या पाण्याला वातच. मीठ हवेतला ओलावा ओढतं, तारांमधून पाणी लगच्या आतपर्यंत चढतं. वरून तुटलेली दिसत नाही, आत तांबं काळं पडलेलं असतं.

त्याऐवजी इन्सुलेशनची लवचीक तांब्याची केबल घ्या, २५ स्क्वेअर एमएम. कथिलाचा मुलामा दिलेल्या तारांची मिळाली तर सोनं. बोटींच्या वायरिंगला तीच वापरतात, मिरकरवाड्याला किंवा हर्णै, मालवणला बोटींचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा. दोन टोकांना मुलामा दिलेले तांब्याचे लग, ८ एमएमच्या भोकाचे. गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा असतो, त्यावर नुसतं तांबं खाऱ्या ओलाव्यात टेकलं की ॲल्युमिनियम खायला लागतं. मुलाम्याने ते बरंच कमी होतं.

लग षटकोनी क्रिंपिंगच्या यंत्रात दाबून घ्या. हातोडीने ठोकलेला लग आत पोकळ राहतो, आणि नुसतं डाग दिलेलं टोक कडक होऊन इंजिनच्या हादऱ्याने तिथेच तुटतं. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. साधी नळी पाणी अडवत नाही, उलट धरून ठेवते.

लांबी ताणून मापू नका. इंजिन माउंटिंगवर हलतं, बोटभर झोल हवा.

बसवताना: आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बॉडीवर जिथे लग बसणार तिथे रंग आणि गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, लगपेक्षा थोडा मोठा गोल, धातू चकाकेपर्यंत. लग थेट धातूवर, त्यावर वॉशर, मग बोल्ट. लग आणि बॉडीच्या मध्ये स्टीलचे साधे वॉशर भरणारे महाभाग आहेत, तसं नको. बोल्ट घट्ट झाल्यावरच वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन, आणि घासलेल्या कडेला रंगाचा हात. जुनी पट्टी काढून टाका, तिथे ठेवलीत तर गंज वाढवेल.

क्लॅम्प ते बॉडीचा ०.१५ आज चालतोय, पण तोही बोल्ट उघडून घासूनच घ्या. हात काळे होणारच आहेत.

खाजणातला

विषय निघालाच आहे तर मागच्या दिव्यांचं सांगून ठेवतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंग लुकलुकतो, तर बल्ब बदलत बसू नका. त्या दिव्याचा अर्थ गेलाय आणि करंट शेजारच्या बल्बमधून परत जायची वाट शोधतोय. डिकीत मासळीची टोपली किंवा बर्फाचा थर्माकोल बॉक्स नेणाऱ्या गाड्यांत हे फार. खारं पाणी मॅटखाली झिरपतं, मागच्या दिव्याजवळचा अर्थचा बोल्ट गंजतो. मॅट उचलून बघा.

पावसाआधी पुढच्या काचेखालची जाळीही साफ करा. आंब्या-फणसाची पानं साचून पाण्याची वाट तुंबली की पाणी केबिनमध्ये उतरतं, आणि गालिच्याखाली वायरिंगचे जोड असतात.

गाडीखाली जळकं ऑइल मारायची पद्धत आहे आपल्याकडे, गंज लागू नये म्हणून. माझा विरोध. रबरी बुश आणि बूट त्याने फुगतात, ब्रेकवर उडालं तर घात, आणि पहिल्या पावसात सगळं विहिरीच्या वाटेला लागतं. खालून गोड्या पाण्याचा मारा करून, सुकवून, मेणाचं कोटिंग द्या. वाळूवर चाक गेलं असेल तर त्याच दिवशी धुवा. अल्टरनेटरवर प्रेशरचं पाणी मात्र थेट नको.

मिऱ्याकाठ

केबल आणली, ४० सेंटीमीटर कापून घेतली, लग दाबून घेतले. रविवारी बसवतो. बॅटरी काढली तर काही सेटिंग जातात का? आणि बसवल्यावर काय बघू?

दहाचा_पाना

घड्याळ जाईल, रेडिओला कोड असेल तर आधी शोधून ठेवा, काही गाड्यांत पॉवर विंडो एकदा पूर्ण खाली-वर करावी लागते. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

मग खुंट ते ब्लॉक पुन्हा मोजा, सकाळी, गार इंजिनवर. ०.२च्या आत यायला हवं. त्यानंतर गाडी चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीवर १३.८ ते १४.५ मिळतंय का बघा. बॅटरी एकदा बाहेरच्या चार्जरवर रात्रभर भरून घ्या, सात महिन्यांची उपासमार आहे तिची. ड्रॉपचा आकडा आणि तारीख फ्यूजबॉक्सच्या झाकणात आतून मार्करने लिहा. पुढच्या वर्षी मिरगाच्या आधी आणि गणपतीनंतर तेच माप घ्या. ०.३ दिसला तर बोल्ट उघडून घासायची वेळ झाली.